शिफ्टचं भरतवाक्य

"चला, गोड झालं. पुढचं घरी पाहू."

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं ते नाटकाच्या हॉलमधून बाहेर पडताना. म्हणणारे गृहस्थ पुढं होते, मी माझ्या नव्या बायकोला घेऊन मागं होतो. फरक इतकाच होता, की नाटक संपलेलं नाही हे त्यांना माहीत होतं आणि मला नव्हतं.

झालं असं, की मी मूळचा नगरकडचा, बँकेच्या नोकरीनं दुर्गला येऊन पडलेला. छत्तीसगड राज्य नवं नवं होतं, तसंच माझं लग्नही. सासुरवाडी भिलाईच्या सेक्टर सहामधली, सासरे तिथल्या पोलादाच्या प्लांटमध्ये. लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात त्यांनी आम्हा दोघांना तिथल्या मराठी मंडळाच्या संगीत नाटकाला पाठवलं. प्रयोग रविवारी सकाळी दहाला! संगीत नाटक म्हणजे पानसुपारी, अत्तर, रात्रभरची मैफल, असं घरात ऐकत वाढलेला मी. सकाळी दहाला अंघोळ करून नाटक बघायचं म्हणजे दाढी करून झोपायला जाण्यासारखं वाटलं. पण जावई होतो. गेलो.

नाटक मंडळाच्याच एका जुन्या हेडमास्तरांनी लिहिलेलं, दर हिवाळ्यात तेच. तळ्याकाठच्या नगरीची राणी, तिच्या दरबारातला गवई, आणि दोघांच्या मध्ये पाय घालणारा प्रधान. कामं करणारे सगळे प्लांटमधले, बँकेतले, शाळांतले. बाहेर लख्ख ऊन आणि आत दिवसाढवळ्या केलेला अंधार. त्या अंधारात ऑर्गनचे सूर असे काही तरंगायचे, की आपण जागे आहोत की रविवारची दुसरी झोप चालली आहे, ते कळू नये. दुसऱ्या अंकाच्या शेवटी गवयाला हद्दपार केलं. तो नावेत बसून गेला, राणीनं वीणा पेटीत ठेवून कुलूप घातलं, आणि पडदा पडला.

पडला तसाच पुन्हा वर गेला. बघतो तर सगळी पात्रं ओळीनं उभी. हद्दपार झालेला गवई आणि त्याला हद्दपार करणारा प्रधान खांद्याला खांदा लावून. ऑर्गन घुमला, हॉलभर खुर्च्या खटाखट वाजल्या, झाडून सगळे प्रेक्षक उभे राहिले आणि भरतवाक्य सुरू झालं. सर्वांचं भलं होवो, पाऊसपाणी वेळेवर होवो, असं नाटकाच्या अगदी शेवटी म्हणायचं ते पद. भरतवाक्य झालं की नाटक संपलं, हे शेंबड्या पोरालाही कळतं.

"शोकान्त केलंय. धाडस आहे," मी जाणकारासारखं बायकोच्या कानात म्हणालो आणि चपला चाचपल्या.

ती म्हणाली, "अहो..." आणि थांबली. मग शाल उचलून मुकाट्यानं माझ्या मागं आली.

दारात हे गृहस्थ उभे होते. पन्नाशीचे, उंच, काखेत पिवळं हेल्मेट. रंगमंचावरच्या ओळीत अगदी शेवटी उभी असलेली एक ठेंगणी बाई गाता गाता दाराकडे बघत होती आणि हे तिच्याकडे. शेवटची ओळ संपली, तसा त्यांनी हेल्मेटवर हलकेच एक टिचकी मारली, "चला, गोड झालं. पुढचं घरी पाहू," असं स्वतःशीच म्हटलं आणि उन्हात उतरले.

सायकल स्टँडवर मी म्हणालो, "छान झालं नाटक. शेवट मात्र चटका लावणारा."

त्यांनी सायकलचं कुलूप काढता काढता माझ्याकडे नीट पाहिलं. "तुमी प्लांटात कोन्त्या शॉपमधी?"

"मी बँकेत आहे. दुर्गला."

"मंग सेकंड शिफ्ट नाई तुमाले?"

"नाही बुवा."

"मंग कावून निघाले? तिसरा अंक आहे न अजून!"

आता खरा शहाणा माणूस हसून परत आत गेला असता. मी म्हणालो, "आम्हाला जरा काम होतं." बायको बाजूच्या बोगनवेलीकडे फार लक्ष देऊन बघत होती. मग आम्ही ते काम करायला गेलो. म्हणजे कोपऱ्यावर हातगाडीवाल्याकडून बिही घेतल्या. इकडे पेरूला बिही म्हणतात. चिरून मीठ लावून घेतल्या आणि हॉलच्या मागच्या कडुनिंबाखाली बाकावर बसून, आतून भिंतीपलीकडून येणारा तिसरा अंक ऐकत खाल्ल्या. सासऱ्यांना ही हकीकत कुणी सांगितली ठाऊक नाही, पण पुढं कित्येक दिवाळ्या ती फराळाबरोबर वाढली जात होती.

नंतर उलगडा झाला. दुपारची शिफ्ट दोनला लागते. जुन्या काळी नाटकाला येणारे निम्मे लोक तिसरा अंक टाकून प्लांटला जायचे, आणि नाटक अर्ध्यावर टाकून उठणं, तेही राणी रडत असताना, कुणाच्या जिवाला बरं वाटेना. म्हणून हेडमास्तरांनी तोड काढली. शिफ्टवाल्यांसाठी दुसऱ्या अंकानंतरच एकदा भरतवाक्य म्हणायचं. त्यांचं नाटक तिथं संपलं. बाकीच्यांचं पुढं चालू. महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावाला हे सांगितलं तर हसतील. आमच्या गावात मात्र एकाच नाटकाला दोनदा भरतवाक्य होतं आणि दोन्ही वेळा हॉल उभा राहतो.

हे गृहस्थ रेल मिलमध्ये होते. सगळे त्यांना काका म्हणायचे, मीही म्हणू लागलो. ते मला जावईबापू म्हणायचे, कारण एकदा भिलाईचा जावई झाला की तो सगळ्या सेक्टरांचा जावई. ती ओळीतली ठेंगणी बाई म्हणजे काकू. ती कोरसमध्ये गायची. काका शिफ्टला जायचे, काकू तिसरा अंक करून घरी यायची, आणि रात्री जेवताना ती त्यांना पुढचं सांगायची. एकदा मी विचारलं, "काका, एखाद्या रविवारी शिफ्ट बदलून घ्या की. शेवट एकदा डोळ्यांनी बघा."

"तिनं सांगतलेला चांगला रायते," काका म्हणाले. "अन् ती दर साली येगळा सांगते."

तुमच्याही गावात असा एखादा प्रेक्षक असेल. आपण नाटक बघतो आणि मधूनच त्याच्याकडे बघतो, कारण नाटक खरं कुठं घडतंय ते त्याच्या चेहऱ्यावर जास्त नीट दिसतं. काका गाण्यात डोळे मिटायचे नाहीत. ते ऐकताना तोंड किंचित उघडं ठेवायचे, लहान मूल गोष्ट ऐकताना ठेवतं तसं. मिलच्या आवाजात सगळा जन्म गेलेला. बारीक सूर त्यांच्या कानापर्यंत कितपत पोचत होते, देव जाणे. मी एकदा भीत भीत विचारलं, तर म्हणाले, "जेवढं येते तेवढं पुरते, जावईबापू."

वर्षं गेली. मंडळाला माझ्यातल्या कलावंताची चाहूल लागली आणि मला प्रकाशयोजनेवर घेतलं. मी विरहाच्या पदावर लख्ख उजेड पाडला. मग मला निवेदनावर घेतलं. मी मध्यंतराच्या चहाची घोषणा पहिल्या अंकातच केली. शेवटी मला पडद्याच्या दोरीवर बसवलं. ओढला की वर, सोडला की खाली. "यात तरी जावईबापूंना काई करता येणार नाई," असं ठरावात नव्हतं, पण सगळ्यांच्या तोंडावर होतं. मला ते काम मनापासून आवडलं. विंगेतल्या स्टुलावर बसून, हातात दोरी धरून, पडद्याला असलेल्या एका भोकातून मी वर्षानुवर्षं हॉल पाहिला आहे.

काका रिटायर झाले, क्वार्टर सोडून स्मृतिनगरला छोट्या घरात गेले. आम्हाला वाटलं, आता तिसरा अंक बघतील. पण त्याच सुमारास काकूला लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. त्या हिवाळ्यात काका एकटेच आले. नेहमीच्या खुर्चीत बसले. शिफ्टचं भरतवाक्य झालं तसे दाराशी जाऊन उभे राहिले. काखेत हेल्मेट नव्हतं, म्हणून त्यांनी टिचकी चौकटीवर मारली.

"काका, आता कसली शिफ्ट?" मी नंतर भेटल्यावर विचारलं.

"सेकंड शिफ्टच आहे. आता घरी लागली," ते म्हणाले. काकूपाशी बसणारी बाई दीडला जायची. त्याच्या आत पोचायला हवं.

पुढं एका वर्षी मंडळानं नवा दिग्दर्शक आणला. रायपूरचा तरुण मुलगा, हुशार, नम्र, मराठी घरात बोलण्यापुरती. तालमीला त्यानं शिफ्टचं भरतवाक्य पाहिलं आणि डोक्याला हात लावला. "काका लोग, गवई अभी अभी निर्वासित झाला, आणि पुढच्या मिनटाला तो प्रधानासोबत गातोय? सगळा भाव टूट जाता है न!"

खरं सांगतो, मुलाचं चुकत नव्हतं. समितीत चर्चा झाली. आता शिफ्टला जाणारं आहेच कोण? जुने रिटायर झाले, पोरं हैदराबाद-पुण्याला. अर्ध्यातून उठणारा एकच माणूस उरला आहे.

"एका माणसासाठी नाटक तोडायचं का?" कुणीतरी म्हणालं.

मी म्हणालो, "नाही म्हणजे... तसं..." आणि चहा प्यायलो. ठराव झाला. काकांच्या घरी जाऊन त्यांना सांगायचं, आणि प्रयोगाआधी पडद्यापुढं येऊन लोकांनाही सांगायचं, ही दोन्ही कामं माझ्याकडे आली. "एवढं तरी विसरू नका," अध्यक्ष म्हणाले.

रविवारी संध्याकाळी मी आणि बायको दुर्गच्या पद्मनाभपूरहून स्कूटरनं स्मृतिनगरला गेलो. बायकोनं तिळाचे लाडू घेतले होते. काकू खिडकीजवळच्या पलंगावर, पाठीशी उशा लावून बसवलेली. केस नीट विंचरलेले, कपाळावर टिकली. काकांनी विंचरले होते हे भांगावरून कळत होतं; तो जरा रेल मिलच्या रुळासारखा सरळ होता.

"आली बरं नाटकाची तारीख," काका तिला म्हणाले. "हे पडदेवाले जावईबापू आले."

काकूनं डावा हात उचलून हवेत पडदा वर ओढल्यासारखं केलं आणि तोंडाच्या एका कोपऱ्यातून हसली.

मी शब्द जुळवत होतो. तेवढ्यात काकाच सांगू लागले. "मी घरी आलो न, का ती पयले इचारते. हातानंच. झालं का म्हणून. मी म्हनतो, हाव, झालं. मंग मी भरतवाक्य म्हनून दाखवतो. माहा गळा तुमाले माहीत आहे, पण ते झाल्याबिगर ती मले पुढचं सुरू करू देत नाई. ते झालं, का मंग आमचा तिसरा अंक. पयले ती सांगे, आता मी सांगतो. पसंद नाई पडलं का हात हालवते, मंग मी बदलवतो. चालते पंधरा-पंधरा दिवस."

"आणि समजा..." मी म्हणालो, "समजा एखाद्या वर्षी भरतवाक्य झालंच नाही, तर झालं म्हणून सांगायचं. त्यांना काय कळणार?"

काका काकूकडे पाहून हसले. "इतक्या सालात तिच्यापाशी एक खोटं नाई जमलं मले. तोंड पाहूनच वळखते. अन् झालं नाई म्हनलं, त त्या गवयाले नावेतच सोडून देऊ का सालभर?"

मी लाडू खाल्ला. आणखी एक खाल्ला. मग आम्ही निघालो. स्कूटरवर बायको मागून म्हणाली, "काई बोलले नाई तुमी."

"तोंडात लाडू होता."

"तेच म्हणून राहिली मी," ती म्हणाली.

प्रयोगाच्या दिवशी हॉल बऱ्यापैकी भरला. घोषणेची वेळ आली तेव्हा मी दोरीची गाठ तपासत होतो. पहिली घंटा झाली, दुसरी झाली, नांदी सुरू झाली. गाठ उत्तम होती.

दुसरा अंक त्या मुलानं फार सुंदर बसवला होता. नाव धुक्यात जावी तशी गेली. राणीनं वीणेला कुलूप घातलं, त्याचा खट आवाज मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेला. मी दोरी सोडली, पडदा पडला. आता लगेच देखावा बदलून तिसरा अंक.

आणि पडद्याच्या पलीकडं खुर्च्या वाजल्या. एक, मग दहा, मग सगळ्या. मी भोकाला डोळा लावला. अख्खा हॉल उभा होता. कुणी ठरवून नव्हे, रागानं नव्हे, सवयीनं. म्हाताऱ्यांनी काठ्या सावरल्या होत्या, बायकांनी पदर खांद्यावर घेतले होते. सगळे शांतपणे, स्वप्नात उभं राहावं तसे, बंद पडद्याकडे बघत उभे. आणि दाराशी, चौकटीला हात लावून, काका.

दिग्दर्शक धावत माझ्याजवळ आला. "अंकल, ये लोग उठ क्यों गए? पसंद नहीं आया क्या?"

प्रधान मिशीचं टोक चिकटवत म्हणाला, "शिफ्टच्या भरतवाक्याले उठले, सर."

"पर वो तो काट दिया न!"

"आपुन काटलं. पब्लिकले कोनी सांगतलं?"

सगळे माझ्याकडे वळले. मी दोरीकडे बघितलं. इतक्या वर्षांच्या चुकांचं पुण्य त्या क्षणी माझ्या कामी आलं. मी विसरलो याबद्दल एकाच्याही मनात शंका आली नाही. अध्यक्षांनी कपाळावर हात मारला. पण तेवढ्यात राणी कुलूप लावलेल्या पेटीपासून उठून आली होती, नावेतला गवई परतला होता, आणि कुणी न सांगता त्यांची ओळ झाली होती. कुणीतरी शेवटची, काकूची जागा मोकळी सोडली होती. ती दर वर्षीच सोडत. ऑर्गनवरच्या बाईंनी पहिला सूर दाबून धरला.

मुलानं एकदा ओळीकडे पाहिलं, एकदा पडद्याच्या भोकातून बाहेर पाहिलं. बराच वेळ डोळा काढला नाही. मग मला हळूच म्हणाला, "खींचो, अंकल."

मी ओढला.

भरतवाक्य झालं. शेवटची ओळ संपल्यावर दार उघडलं, दुपारच्या उन्हाचा एक पट्टा मधल्या वाटेवरून थेट रंगमंचापर्यंत आला, आणि काका त्याच्यावरून चालत बाहेर गेले. ओठ हलताना दिसले. काय म्हणाले ते तुम्हाला ठाऊक आहे.

त्यानंतरच्या पावसाळ्यात काकू गेली.

हिवाळ्यात काका आले. आम्हाला वाटलं नव्हतं. भरतवाक्याला उठले, सवयीनं दाराशी गेले. दारावरच्या माणसानं सवयीनं दार उघडलं. ऊन आत आलं. काका उंबऱ्यावर उभे राहिले. कुठल्याही शिफ्टला उशीर होत नव्हता. मी विंगेतून बघत होतो, माझा हात दोरीवर तसाच. मग ते वळले, आणि वाटेतल्या पहिल्या मोकळ्या खुर्चीत, माझ्या बायकोशेजारी, येऊन बसले.

त्यांनी पहिल्यांदाच तिसरा अंक पाहिला. एक साधू येतो, अंगठी दाखवतो, प्रधान पाया पडतो, गवई परत येतो, लग्न लागतं. हेडमास्तरांना बहुतेक गाडी पकडायची होती.

बाहेर कडुनिंबाखाली मी विचारलं, "कसं वाटलं, काका?"

ते आधी बाकावर टेकले. मग म्हणाले, "हे असं संपते?"

"हो."

"बस? अंगठी?" त्यांनी मान हलवली. "आमचं बरं होतं."

"तुमचं कसं होतं?"

"आमच्यात तो गवई वापस येतच नाई. रानीच निघते त्याले धुंडाले. पायी पायी. डोंगरगड पाहते, राजिम पाहते, कुठं कुठं जाते. लय चालते आमची रानी." ते उन्हाकडे बघत बोलत होते. "मागच्या साली ती पोचलीच होती त्याच्यापाशी. मीच म्हनलं, थांब, अजून थोडं फिरून घे."

त्यानंतर काकांचा मुलगा त्यांना हैदराबादला घेऊन गेला. पुढच्या वर्षी तिकडूनच बातमी आली.

मंडळाच्या पडद्याला आता मोटर बसली आहे आणि मी प्रेक्षकांत येऊन पडलो आहे. शिफ्टचं भरतवाक्य चालू आहे. तो दिग्दर्शकच आता ते कुणाला काटू देत नाही. या वर्षीही झालं. हॉल उभा राहिला, शेवटची ओळ संपली, दारावरच्या माणसानं दार उघडलं. उन्हाचा पट्टा वाटेवर येऊन पडला. आणि कुणीच गेलं नाही. सगळे त्या उजेडाकडे बघत उभे राहिले, जणू कुणीतरी चालत जाईपर्यंत बसायचं नाही असं ठरलेलं.

बायकोनं माझी बाही ओढली. "चला."

"अगं, तिसरा अंक..."

ती निघालीसुद्धा. मी मागोमाग. चौकटीवर टिचकी मारावी असं फार वाटलं. नाही मारली, ती आपली नव्हे. कोपऱ्यावर बिहीची गाडी होती. त्याच कडुनिंबाखाली बसलो. भिंतीपलीकडं साधू आला असावा, कारण ऑर्गन गंभीर झाला होता.

तेव्हा मी इतक्या वर्षांत कधी न विचारलेलं विचारलं. "त्या पहिल्या वेळी, मी तुला घेऊन उठलो तेव्हा, नाटक संपलं नाही हे तुला ठाऊक होतं ना? तू तर इथलीच."

तिनं बिहीच्या फोडीवरचं जास्तीचं मीठ झटकलं आणि ती फोड माझ्या हातात ठेवली.

"तिसरा अंक मले शाळेपासून पाठ होता," ती म्हणाली. "तुमच्यासंगं पुढं काय होते, ते नव्हतं माहीत. अजून पाहूनच राहिली."